धाकटा बाहेर बसलाय

१

बाईंच्या दवाखान्याला दोन दारं होती, आणि त्यातल्या दुसऱ्या दारापायी बाईंनी घरमालकापासून गवंड्यापर्यंत सगळ्यांशी वाद घातला होता. बाई मनोविश्लेषक होत्या. त्यांच्याकडे येणारा माणूस पुढच्या दाराने यायचा, बाहेरच्या खोलीत वेताच्या खुर्चीवर बसायचा आणि बोलावणं आलं की आत येऊन कोचावर आडवा व्हायचा. बाई त्याच्या डोक्यामागे, त्याला दिसणार नाहीत अशा बेताने बसायच्या. छताकडे बघत तो मनात येईल ते बोलायचा. वेळ संपली की उठून मागच्या दाराने पॅसेजमध्ये आणि तिथून मागच्या गल्लीत जायचा. पुढच्या खोलीत परत यायचं नाही, हा नियम. रडून डोळे सुजवून घेतलेल्या माणसाला बाहेर थांबलेल्या दुसऱ्या कुणासमोरून जावं लागू नये, एवढंच त्यामागचं कारण होतं.

पॅसेजच्या पलीकडे बाईंचं घर होतं आणि घरात बाईंची धाकटी बहीण. तिला सगळे छोटी म्हणत. पन्नाशी उलटली, खुब्याचं ऑपरेशन झालं, हातात काठी आली, तरी ती छोटीच राहिली. उभा जन्म तिने नाटकवाल्यांचे कपडे शिवले होते. आता पॅसेजकडच्या आपल्या खोलीत दार किलकिलं ठेवून ती बटणं लावत बसायची आणि जाणाऱ्या पेशंटांच्या पाठी बघायची.

"शेजारणीला नुसते आत जाणारे दिसतात," ती म्हणायची. "बाहेर पडताना कुणी दिसतच नाही. तिला वाटत असेल, ताई, तू खातेस त्यांना."

"आणि तुला काय वाटतं?"

"मला खांदे दिसतात. पहिल्या दिवशी जाताना कानाला लागलेले असतात. वर्षभराने बघावं तर दोन बोटं खाली. माप घेताना आम्ही सांगायचो ना, श्वास सोडा म्हणून, तसे."

ही दाद बाईंना परिषदेतल्या टाळ्यांपेक्षा जास्त आवडायची. त्यांनी लग्न केलं नव्हतं, छोटीचं टिकलं नव्हतं. दोघींना एकमेकींशिवाय जवळचं कुणी नव्हतं, आणि एकमेकींची टर उडवत दोघी सुखात होत्या.

२

शनिवारी सकाळी त्याच खोलीत बाई शिकवायच्या. पाच-सहा शिकाऊ मंडळी जमिनीवर मांडी ठोकून बसायची. खऱ्या पेशंटची गोष्ट बाहेर सांगायची नाही, हा या धंद्याचा पहिला नियम. सांगावीच लागली तर ओळख बुजवून सांगायची. बाईचा पुरुष करायचा, शिंप्याचा कारकून करायचा, घरदार बदलायचं. बाईंनी त्याहून सोपी वाट काढली होती. त्यांनी शिकवण्यासाठी दोन भाऊच रचले होते, थोरला आणि धाकटा. दरवर्षी नव्या मंडळींना त्या हीच गोष्ट सांगायच्या.

गोष्ट अशी. धाकटा सतत आजारी, आईचा सगळा जीव त्याच्यात. थोरल्याने कायम त्याला सांभाळायचं. एका दुपारी दोघे गच्चीवर लपाछपी खेळतात. गच्चीवर पाण्याची लोखंडी टाकी आहे, रिकामी. धाकटा तिच्यात उतरून लपतो. थोरला वरून झाकण लावतो, जिना उतरून खाली येतो आणि जेवायला बसतो. पुढे मोठेपणी तो तुमच्याकडे येऊन म्हणतो, मी भावाला मारलं. "आता बोला," असं म्हणून बाई चष्मा पुसत बसायच्या.

मंडळी गोष्टीवर तुटून पडायची. कुणी म्हणे हा सरळ मत्सर आहे. कुणी म्हणे टाकी म्हणजे आईचं पोट, धाकट्याला त्याने आला तिथे परत पाठवलं. एक गंभीर मुलगी दरवर्षी कुठून तरी उगवायचीच, ती म्हणायची की झाकण लावणं नव्हे, शांतपणे जेवायला बसणं हीच खरी हिंसा आहे. आणि शेवटी कुणीतरी भाबडेपणाने विचारायचं, "पण मॅडम, त्याने झाकण खरंच लावलं होतं का? धाकटा मेला का?"

बाई याच प्रश्नाची वाट बघत असायच्या.

"तो पोलिसांचा प्रश्न," त्या म्हणायच्या. "आपला प्रश्न वेगळा. माणसाच्या मनात अपराधीपणा आधी येतो. मग तो स्वतःला शोभेलसा गुन्हा शोधत फिरतो. वाटणं म्हणजे करणं नव्हे, हे त्या थोरल्याला उमगलं की आपलं काम झालं."

एक गोष्ट मात्र त्या सांगत नसत. हे भाऊ काही आभाळातून पडले नव्हते. बाई लहान असताना छोटी तापाने फणफणून महिनाभर अंथरुणाला खिळली होती. आई म्हणायची, छोटीजवळ बस, हलू नकोस. त्या अंथरुणाशी बसून बाईंच्या मनात एकदा आलं होतं की ही नसती तर बरं झालं असतं. बस्स, एवढंच. मनात आलं आणि गेलं. छोटी बरी झाली. त्यांचं घर तळमजल्यावर दोन खोल्यांचं, त्याला गच्ची नव्हती, टाकी नव्हती. पुढे शिकत असताना बाईंनी हे आपल्या गुरूंच्या कोचावर पडून रडत सांगितलं होतं. गुरू म्हणाले होते, वाटणं म्हणजे करणं नव्हे. बाईंना तेव्हा फार हलकं वाटलं होतं. मग त्यांनी बहिणींचे भाऊ केले, त्या वाटण्याला एक झाकण दिलं आणि ती गोष्ट शिकवायला घेतली.

३

तो माणूस पहिल्यांदा आला तो मंगळवार होता. पंप दुरुस्त करण्याचं काम करायचा. पन्नाशीचा, नीटनेटका, शर्ट खांद्यात दाटलेला. फोनवर त्याने फक्त झोप लागत नाही असं सांगितलं होतं. कोचावर आडवा झाल्यावर त्याने हात पोटावर ठेवले आणि पहिलंच वाक्य बोलला.

"धाकटा बाहेर बसलाय. त्याला फार वेळ ताटकळत ठेवायला नको."

बाईंना मनातून आनंदच झाला. पहिल्या मिनिटाला असं वाक्य देणारा पेशंट भाग्यानेच मिळतो. त्यांनी थोडा वेळ जाऊ दिला.

"धाकटा," त्या म्हणाल्या, "कायम दाराबाहेर बसलेला."

"कायम कुठला? आत्ता आलो ना आम्ही दोघं."

"तुम्हाला असं वाटतंय की तुम्ही आत, उबेत आलात. आणि तो बाहेर राहिला."

"डॉक्टर, खरंच बसलाय हो तो. खुर्चीवर."

त्याच क्षणी बाहेरची वेताची खुर्ची कुरकुरली. बाईंनी ती ऐकली. वेत आहे, हवा कोरडी पडली की कुरकुरतोच, असं त्यांनी ठरवलं.  वेळ संपल्यावर त्या माणसाने उठून पुढच्या दाराकडे पाऊल टाकलं. बाईंनी नियम सांगितला. "मागच्या दाराने." त्याने एकदा पुढच्या दाराकडे, एकदा त्यांच्याकडे बघितलं आणि मुकाट्याने मागच्या दाराने गेला.

बाईंनी जाऊन पुढची खोली उघडली. खुर्ची रिकामी होती. बघा, वाटलंच होतं, असं म्हणत त्या स्वतःशीच हसल्या. तरी खोलीत कसला तरी वास होता. जुन्या किल्ल्या फार वेळ मुठीत धरल्या की हाताला येतो तसा. त्यांनी खिडकी उघडली आणि चहा घ्यायला आत गेल्या.

४

पुढच्या मंगळवारी तो गच्चीविषयी बोलला. त्याच्या पुढच्या वेळी टाकीविषयी.

बाईंच्या हातातली पेन्सिल जागच्या जागी थांबली. ही तर त्यांची गोष्ट. वाक्यंसुद्धा त्यांचीच. आईचा सगळा जीव त्याच्यात, थोरल्याने कायम त्याला सांभाळायचं. बाईंना राग आला. ही शनिवारच्या मंडळींची चेष्टा होती, दुसरं काय असणार! कुणीतरी आपला मामा नाहीतर काका पढवून पाठवला आणि आता मॅडमची फजिती बघत बसले असतील.

शनिवारी त्यांनी सगळ्यांना फैलावर घेतलं. मंडळी एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागली. त्यातला एक चष्मेवाला, नकला करण्यात पटाईत, त्याच्यावर बाईंचा खास संशय. तो तर रडकुंडीला आला.

"मॅडम, शपथ घेऊन सांगतो, मी असलं काही करणार नाही. आणि एवढा मोठा माणूस माझ्या सांगण्यावरून कोचावर झोपेल तरी कशाला?"

ते खरंच होतं. बाईंनी मग दुसरी समजूत काढली. गोष्ट इतकी वर्षं सांगतोय, कुठून कुठे गेली असेल. ऐकणाऱ्याला ती लागू पडली आणि त्याने ती स्वतःची करून टाकली. अशी माणसं असतात. उलट हे जास्त रंजक आहे, त्यावर लेख होईल. या विचाराने त्यांना दोन दिवस बरी झोप लागली.

मंगळवारी तो म्हणाला, "मी खाली आलो आणि जेवायला बसलो. माझं झाल्यावर धाकट्याचं ताट वाढून ठेवलेलं होतं, तेही मी ओढून घेतलं. पुसून खाल्लं. आईला म्हणालो, तो जेवून खेळायला गेला."

बाई खुर्चीत ताठ झाल्या. धाकट्याचं ताट त्यांनी अगदी पहिल्यांदा गोष्ट रचताना मनात घातलं होतं आणि मनातच गाळलं होतं. मंडळी तिथेच अडकतील म्हणून. ते त्यांनी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, कुठे लिहिलं नव्हतं. छोटीलासुद्धा ठाऊक नव्हतं.

समोर त्याचं डोकं उशीवर स्थिर होतं. विरळ केस, मध्ये भोवरा. आपण या माणसाचा चेहरा बघितलाय का, असा प्रश्न बाईंना पडला. बघितला तर होता, येताना, जाताना. पण तो काही केल्या आठवेना.

"काय झालं त्याचं?" त्यांनी विचारलं. असं थेट विचारायचं नसतं. त्या पहिल्यांदाच विचारत होत्या.

"वाढला," तो म्हणाला. "मी वाढलो तसा तोही वाढला. आता डोकं झाकणाला टेकतं त्याचं. म्हणून मान खाली घालून बसतो."

५

त्याच्यानंतरच्या वेळेला एक निवृत्त शिक्षिका यायच्या. फार सभ्य, पायपुसण्यावर पाय पुसतानासुद्धा माफी मागणाऱ्या. त्या दिवशी त्या आत आल्या पण कोचावर टेकेनात.

"एक बोलू का? रागावणार नाही ना? बाहेर जे गृहस्थ बसलेत, त्यांना आधी घ्या. मी थांबते."

"कोण गृहस्थ?"

"ते हो, खुर्चीवरचे. मी आले की असतातच. मी आपली उभीच राहते. आज म्हटलं सांगावं. फार अवघडून बसलेत बिचारे. पाय असे वर पोटाशी घेतलेत, मान गुडघ्यांत. मी म्हटलं, अहो, जरा मोकळे बसा. तर म्हणाले, जागा नाही."

 बाई उठून दारापर्यंत गेल्या. दाराची मूठ त्यांनी धरली आणि धरूनच उभ्या राहिल्या. आपण चाळीस वर्षं लोकांना सांगतोय की दार उघडून बघा, पलीकडे काही नसतं. स्वतःवर चिडून त्यांनी दार खाडकन उघडलं.

खुर्ची रिकामी होती. पण वेताच्या दोन्ही हातांवर तांबूस डाग पडले होते आणि बैठकीतला वेत खोल दबलेला होता. बाई बघत होत्या तोवर तो हळूहळू कुरकुरत वर आला, कुणी उठल्यावर येतो तसा. बाईंनी दार लावून घेतलं आणि शिक्षिकाबाईंना सांगितलं की आज माझी तब्येत बरी नाही.

पुढच्या मंगळवारी त्यांनी त्याला विचारलं. आवाज नेहमीसारखा ठेवायला त्यांना कष्ट पडले.

"तुम्ही भावाला बरोबर आणता. मग जाताना?"

"जाताना काय?"

"तुम्ही मागच्या दाराने जाता. तो पुढच्या खोलीत असतो."

 "तुम्हीच पाठवता ना मला मागच्या दाराने. मी काय करणार? पहिल्या दिवसापासून तो इथेच आहे."

छोटीला त्या दिवशी रात्रीचं जेवण गेलं नाही म्हणून बाईंनी चौकशी केली. ती म्हणाली, काही नाही गं, जरा कोंडल्यासारखं होतंय.

६

"तुझा मंगळवारचा माणूस बरा आहे," दोन दिवसांनी छोटी म्हणाली. मांडीवर एक जुना कोट होता, त्याचं अस्तर ती उसवत होती. "जाताना थांबतो दारात. इतरांसारखा मान चुकवून पळत नाही."

बाईंच्या हातातला कप बशीत आपटला. "बोलतो तुझ्याशी?"

"थोडंफार. मी म्हटलं, शर्ट खांद्यात दाटतो तुम्हाला, द्या, उसवून देते. तर म्हणे, धाकट्याचा आहे. घरात त्याचे कपडे तसेच पडून असतात म्हणे."

"आणखी काय म्हणाला?"

"अगं, अशी काय बघतेस? मला विचारत होता, लहानपणी तुम्ही कुठे लपायच्यात. लपाछपीत."

"तू काय सांगितलंस?"

छोटीने सुई थांबवली. तिच्या कपाळावर आठी पडली. "तेच तर. मला सांगताच येईना. मी म्हटलं आमच्याकडे लपायला जागाच नव्हती, दोन खोल्या. तर हसला आणि म्हणाला, आठवेल."

 इतके दिवस बाई आपल्यासाठी, आपल्या डोक्यासाठी घाबरत होत्या. ती भीती आता क्षुल्लक वाटायला लागली. त्या छोटीच्या खांद्यावर हात ठेवून उभ्या राहिल्या. खांदा लहान, हाडकुळा, कोमट होता. हिला काही झालं तर आपण जगायचं नाही, असं त्यांना स्वच्छ वाटलं.

"यापुढे मंगळवारी दार लावून घेत जा," त्या म्हणाल्या. "आतून कडी घाल."

"कडी? मला? मी गुदमरेन की!"

"छोटी, ऐक माझं."

"बरं बाई," छोटी म्हणाली आणि पुन्हा अस्तर उसवायला लागली. पण हसली नाही.

७

मंगळवार येईपर्यंत बाईंनी विचार केला. फोन करून येऊ नका म्हणावं, तर नंबर लागेना. कुलूप घालून कुठे निघून जावं, तर पुढच्या खोलीतला जो कोण आहे तो घरातच राहणार. पोलिसांना काय सांगणार? मी रचलेला माणूस माझ्याकडे येतो?

अखेर त्यांना एकच उपाय दिसला. गोष्ट त्यांची होती. शेवट त्यांनी मोकळा सोडला होता म्हणून हे दोघे दारादारांत अडकले होते. शेवट आपणच सांगून टाकायचा. धंद्यातलं हे सगळ्यात मोठं पाप, पेशंटला उत्तर आयतं हातात द्यायचं. बाईंनी ते करायचं ठरवलं, आणि ठरवल्यावर त्यांना जरा धीर आला.

तो आला, आडवा झाला. बाहेर खुर्ची कुरकुरली आणि तिच्यापाठोपाठ लोखंडावर हलकेच काहीतरी वाजल्यासारखं झालं. त्या खोलीत लोखंडाचं काहीच नव्हतं.

"तुम्ही मला एक प्रश्न विचारायला येता," बाई म्हणाल्या. "मी उत्तर देते. ते झाकण तुम्ही लावलेलं नाही."

बाई पुढे सरकून बसल्या.

"तुमच्या हातून काही झालेलं नाही. भावाला तुम्ही मारलं नाहीत. तुमच्यावर कसलाही दोष नाही."

"नक्की?"

"नक्की."

"तुम्ही हे मनापासून सांगताय की मला बरं वाटावं म्हणून?"

"मला माहीत आहे," बाई म्हणाल्या. "माझ्याइतकं हे कुणालाच माहीत नाही."

त्याने श्वास सोडला. इतका लांब श्वास त्या खोलीत आजवर कुणी सोडला नव्हता. त्याचे खांदे खाली आले, शर्ट सैल झाला. मग तो उठून बसला, आणि जे कुठल्याच पेशंटने कधी केलं नव्हतं ते त्याने केलं. वळून त्याने बाईंच्या तोंडाकडे बघितलं. साधा चेहरा होता, दमलेला, भला माणूस वाटावा असा.

"मग कोणी लावलं?" त्याने विचारलं.

त्याच्या विचारण्यात आरोप नव्हता. हातातलं ओझं खाली ठेवल्यावर, हे कुठे ठेवू असं माणूस विचारतो, तसंच होतं ते. बाईंनी चष्मा काढून पुसायला घेतला. तो त्यांच्याकडे बघत राहिला आणि हळूहळू त्याच्या डोळ्यांत कणव आली.

"असं आहे होय," तो म्हणाला. "एकटीने सोसू नका, डॉक्टर. कुणाशी तरी बोला. बोललं की बरं वाटतं."

तो पुढच्या दाराकडे गेला. बाईंनी अडवलं नाही. दार त्याने अर्धंच उघडलं, त्यामुळे बाईंना दिसलं तेही अर्धंच. त्याने वाकून कुणाला तरी हात दिला. गुडघ्यांवर, तांबूस पडलेल्या कापडावर ठेवलेला एक पांढराफटक हात वर आला. नखं पार झिजलेली होती. "चल रे," थोरला म्हणाला, "झालं आपलं." मग एक पाठ दिसली, मान वर करायची सवय नसलेली, आणि रस्त्याकडचं दार लागल्याचा आवाज आला.

बाईंना रडूच फुटलं. सुटकेचं रडू. पुढची खोली मोकळी झाली होती, खुर्चीत उन्हाचा तुकडा पडला होता, आणि तो वास गेला होता. त्यांनी डोळे पुसले आणि छोटीला सांगायला त्या पॅसेजमधून जवळजवळ धावतच गेल्या.

८

छोटीच्या खोलीचं दार सताड उघडं होतं. ती पलंगाच्या कोपऱ्यात भिंतीला टेकून बसली होती. काठी जमिनीवर पडली होती आणि बटणांचा डबा उपडा झाला होता.

"गेला तो," बाई धापा टाकत म्हणाल्या. "पुढच्या दाराने गेला, आता नाही यायचा. अगं, ही बटणं काय सांडलीस? थांब, मी गोळा करते."

त्या वाकल्या तशी छोटीने पाय वर ओढून घेतले.

"काय झालं? दुखतंय का? वारा येतोय इथे, दार लोटते."

"नको!" छोटी ओरडली. मग खालच्या आवाजात म्हणाली, "दार नको लावूस, ताई. तिथेच उभी राहा. जवळ येऊ नकोस."

आयुष्यात पहिल्यांदा छोटी त्यांना घाबरली होती. बाई होत्या तिथेच थांबल्या.

"आत्ता सुईत दोरा ओवत होते," छोटी म्हणाली. "ओवता ओवता आठवलं. कसं विसरले होते कोण जाणे. खाली सगळा अंधार आणि वर एवढासा गोल उजेड. तो एका बाजूने कमी कमी होत गेला. तुझा हात दिसत होता. लाल बांगड्या होत्या तुझ्या हातात, एक पिचलेली."

"छोटी, आपल्याकडे गच्ची नव्हती गं. टाकी नव्हती. तूच सांगितलंस ना त्याला, दोन खोल्या होत्या."

"हो ना. मघापासून मीही स्वतःला तेच सांगतेय. नव्हती." तिने समजूतदारपणे मान हलवली. तिचे डोळे मात्र बाईंच्या हातांवरून हटत नव्हते. "आणि मी तर जिवंत आहे. ही काय, बसलेय तुझ्यासमोर. म्हणजे असं काही झालेलंच नाही."

"नाहीच झालेलं."

"नाहीच. तरी एक विचारू? खरं सांगशील?"

"विचार."

"मी हाका मारत होते, ताई. खूप वेळ. तुझं नाव घेऊन." छोटीचा आवाज अगदी लहान झाला होता. "खाली ऐकू येत होत्या का गं तुला?"

बाईंकडे याचं उत्तर होतं, वाटणं म्हणजे करणं नव्हे. जन्मभर तेच उत्तर त्यांनी अनोळखी माणसांना दिलं होतं, त्यांना झोप लागावी म्हणून. ते द्यायला त्यांनी तोंड उघडलं आणि समोर बसलेल्या आपल्या बहिणीकडे बघितलं.

"हो," त्या म्हणाल्या.